वैयक्तिक फोल्डर 'धिस पीसी'मध्ये परत आणावेत का?

चर्चाप्रस्ताव
२०१३ साली विंडोज ८.१ आले तेव्हा 'धिस पीसी' (संगणकातील ड्राइव्ह दाखवणारे पान) उघडताच डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, म्युझिक, पिक्चर्स आणि व्हिडिओज हे सहा फोल्डर ड्राइव्हच्या वर दिसू लागले. विंडोज १० ने २०१५ मध्ये 'क्विक ॲक्सेस' ही पिन केलेल्या (यादीत कायम राहावेत म्हणून आपण लावून ठेवलेल्या) आणि वारंवार उघडलेल्या फोल्डरांची यादी आणली आणि विंडोज ११ च्या २०२२ मधील आवृत्तीने 'धिस पीसी'मधून हे सहाही फोल्डर काढून टाकले. माझ्या मते ते परत आणले पाहिजेत, कारण क्विक ॲक्सेसची ही आपोआप बनणारी यादी सतत बदलत राहते आणि हाताला लागलेली सवय मोडते.

प्रतिसाद : असहमत
प्रस्तावातील मूळ गृहीतकच मला मान्य नाही. पिन केलेले फोल्डर यादीत वरच राहतात, बदलतात ते त्यांच्या खालचे. शिवाय विंडोज ११ मध्ये हे सहा फोल्डर सुरुवातीपासून पिन केलेलेच असतात. चालू कामाचा फोल्डर डी ड्राइव्हमध्ये सहा पातळ्या खाली असला, तरी राइट क्लिक करून तो त्यांच्या पंक्तीला बसवता येतो. ही सोय 'धिस पीसी'ने कधीच दिली नव्हती.

प्रस्तावकाचे उत्तर
पिनबाबतचा मुद्दा रास्त आहे, पण माझा खरा आक्षेप त्याच्याही पुढचा आहे. क्विक ॲक्सेसमधून आपण लवकर पोहोचतो. पोहोचलो कुठे, हे मात्र कळत नाही. वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा) बॅकअप चालू केला की डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हच्या आत हलतो, तरीही डावीकडची 'डॉक्युमेंट्स' ही पाटी पूर्वीसारखीच दिसते. संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी जो माणूस यूजर फोल्डरमधील (आपल्या नावाच्या मुख्य फोल्डरमधील) जुन्या ठिकाणचा डॉक्युमेंट्स फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घेतो, त्याच्या हाती बहुधा रिकामा फोल्डर लागतो.

प्रतिसाद : मग 'धिस पीसी'ने काय साधणार?
त्या सहा पाट्याही शॉर्टकटसारख्याच होत्या. फोल्डर हलवला तरी त्या जागच्या जागी दिसत असत. आपला युक्तिवाद मान्य केला, तर मागणी डाव्या पट्टीत यूजर फोल्डर ठळकपणे दाखवण्याची हवी, जुनी मांडणी परत आणण्याची नव्हे. तोवर विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून, केवळ एक टिंब टाइप करून एंटर दाबावे. यूजर फोल्डर थेट उघडतो. (ही युक्ती इतकी दडवून का ठेवली आहे, ते मला उमगलेले नाही.)

प्रतिसाद : सामायिक संगणकाचे काय?
आमच्या कार्यालयात एकाच लॉगिनवर तिघे काम करतात आणि फाइल एक्सप्लोररचे पहिले पान म्हणजे 'होम' उघडताच आधीच्या माणसाने पाहिलेल्या फाइलींची नावे समोर येतात. फोल्डर ऑप्शन्समधील प्रायव्हसी विभागात ते बंद करता येते, हे ठाऊक आहे. पण मुळात ते चालू असावेच का?

प्रस्तावकाचे उत्तर
यूजर फोल्डरची सूचना मला अधिक नेमकी वाटते, म्हणून माझी मागणी तशी बदलतो. सामायिक संगणकासाठी मात्र वेगवेगळे लॉगिन हाच उपाय आहे. यादी लपवली तरी फाइली सर्वांना उघड्याच राहतात.