मोम्बासा–झांझिबार–सेशेल्स क्रूझ: यलो फिव्हरचं कार्ड आणि बाकीच्या लसी

घोडबंदरकर

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात घरचे पाच जण निघतोय. मुंबईहून विमानाने नैरोबी, मोम्बासाला बोट, मग झांझिबार, मादागास्करचं नोसी बे आणि शेवटी सेशेल्सचं माहे. तिथून विमानाने परत. आम्ही दोघं चाळिशीच्या आतले, मुलगी सहा वर्षांची (वजन २० किलो). बाबा ६७, त्यांना मधुमेह आणि बीपी, प्रोस्टेटही थोडी वाढलेली. आई ६२, संधिवातासाठी आठवड्याला १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट घेते.

एजंटचं म्हणणं, "सगळ्यांना यलो फिव्हर द्या, बाकी काही लागत नाही." हे बरोबर आहे का? ठाण्यात ही लस कुठे मिळते? उरलेले पैसे डिसेंबरच्या सुरुवातीला भरायचेत.

शीतपेटी

पैसे भरायच्या आधी आईंचा प्रश्न सोडवा. यलो फिव्हरची लस जिवंत विषाणूची असते आणि मेथोट्रेक्सेट प्रतिकारशक्ती दाबतं. त्यामुळे "सगळ्यांना द्या" हा सल्ला आईंच्या बाबतीत धोक्याचा आहे. लस घेता यावी म्हणून मेथोट्रेक्सेट आपल्या मनाने बंद करू नका. संधिवाततज्ज्ञांकडून लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घ्या, त्यात औषधाचं नाव, डोस आणि "लस देऊ नये" असं स्पष्ट हवं. ते घेऊन लसीकरण केंद्रावर गेलात की तिथले डॉक्टर लसीकरणाच्या आंतरराष्ट्रीय कार्डावर वैद्यकीय सूट लिहून सही-शिक्का देऊ शकतात.

ही सूट म्हणजे हमी नव्हे. समोरचा देश ती नाकारू शकतो किंवा क्वारंटाइनची अट घालू शकतो, आणि बोटवालेही चढू देणार नाहीत असं होऊ शकतं. म्हणून पत्राची प्रत बोट कंपनीला ईमेल करा आणि "हे चालेल" असं लेखी उत्तर आल्यावरच बाकीचे पैसे भरा. एजंटचा फोनवरचा होकार इथे कामाचा नाही.

बाबांचंही बघा. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेताना गंभीर दुष्परिणामाची शक्यता वाढते. ती मुळात फार कमी असते, पण तरुणांइतकी कमी नाही. फिजिशियनचं फिटनेस पत्र नेलंत तर केंद्रावर खोळंबा होत नाही. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी किंवा थायमस ग्रंथीचा आजार घरात कुणाला असेल तर तेही आधीच सांगा.

आता कार्ड कुणाला दाखवावं लागतं ते. केनिया यलो फिव्हरच्या यादीत, म्हणजे हा ताप जिथे होऊ शकतो अशा देशांच्या यादीत आहे. झांझिबार, मादागास्कर आणि सेशेल्स स्वतः त्या यादीत नाहीत, पण केनियाहून येणाऱ्याकडे तिघेही कार्ड मागतात. म्हणजे बंदरांच्या क्रमानेच तुम्हाला अडकवलंय. मोम्बासा शेवटी असतं तर मधल्या बंदरांना कार्डाशी घेणं नव्हतं, पण मग मुंबईला उतरताना नक्की मागितलं असतं. भारताचा नियम सहा दिवसांचा आहे: यादीतला देश सोडून सहा दिवसांच्या आत इथे आलात आणि वैध कार्ड नसेल, तर सहा दिवस पुरे होईपर्यंत विलगीकरण. माहेहून परत येईपर्यंत सहा दिवस उलटून जातीलही. पण मोम्बासातच कुणी आजारी पडलं आणि थेट मुंबईला यावं लागलं तर? म्हणून कार्ड हातातल्या बॅगेतच ठेवा.

डोस एकच, ०.५ मिली, मुलीलाही तेवढाच. कार्ड लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी वैध होतं. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, दहा वर्षांनी नवं काढायची गरज नाही.

भायखळा फास्ट

ही लस कोपऱ्यावरच्या बालरोगतज्ज्ञाकडे मिळत नाही, फक्त सरकारने नेमलेल्या केंद्रांवर मिळते. ठाण्याहून सोयीचे पर्याय तीन: सहारचं विमानतळ आरोग्य कार्यालय, दक्षिण मुंबईतलं बंदर आरोग्य कार्यालय आणि भायखळ्याजवळचं जे. जे. रुग्णालय. कुपी अनेक डोसांची असते आणि विरघळवल्यावर काही तासांत संपवावी लागते. त्यामुळे वार आणि माणसं ठरलेली असतात. आधी अपॉइंटमेंट घ्या, मूळ पासपोर्ट न्या.

कार्ड हातात पडलं की तिथेच उभं राहून तपासा: नाव पासपोर्टप्रमाणे, पासपोर्ट क्रमांक, लसीचा बॅच क्रमांक, तारीख, केंद्राचा शिक्का, तुमची सही. मुलीच्या कार्डावर पालकाची सही लागते. "लस न टोचता कार्ड करून देतो" असं कुणी म्हणालं तर तो पत्ता विसरून जा.

घोडबंदरकर

आईचं एवढं गंभीर आहे हे एजंटने सांगितलंच नव्हतं, आभार. मुलीचा एमएमआरचा तिसरा डोस राहिलाय, पुढच्या आठवड्यात द्यायचाय. चालेल ना? आणि टायफॉइड, कावीळ, मलेरिया?

शीतपेटी

एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) हीही जिवंत लस आहे. दोन जिवंत लसी एकाच दिवशी घ्यायच्या, नाहीतर मध्ये किमान चार आठवडे ठेवायचे. या जोडीत चार आठवड्यांचं अंतर जास्त बरं. पुढच्या आठवड्यात एमएमआर टोचून पंधरा दिवसांनी केंद्रावर गेलात तर परत पाठवतील. निघायला वेळ आहे तोवर यलो फिव्हर आधी उरका, एमएमआर नंतर. कांजिण्यांचा दुसरा डोस राहिला असेल तर त्यालाही हाच हिशेब.

टायफॉइडची कॉन्जुगेट लस मृत प्रकारची, एकच डोस, कुठल्याही दिवशी चालते. मुलीला बहुधा बाळपणीच दिलेली असेल, फाइल बघा. हिपॅटायटिस ए (दूषित पाण्या-अन्नातून होणारी कावीळ) आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या माणसांना लहानपणीच नकळत होऊन गेलेला असतो. तुम्ही दोघांनी हवी तर आयजीजी तपासणी (आजार होऊन गेलाय का हे सांगणारी रक्ततपासणी) करून मग लसीचं ठरवा. मुलीसाठी घेताना मृत की जिवंत हे विचारा, जिवंत असेल तर वरचाच चार आठवड्यांचा नियम. फ्लूची लस मात्र पाचही जणांनी निघण्याआधी दोन आठवडे घ्या. बंद वातानुकूलित बोटीवर फ्लू झपाट्याने पसरतो. आईंना इंजेक्शनचीच द्यायची, नाकातला स्प्रे नको, तो जिवंत असतो.

नौपाडा फार्मा

मलेरिया: केनियासाठी क्लोरोक्विन लिहून मिळालं तर घेऊ नका, तिथला फाल्सिपेरम (मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार) त्याला दाद देत नाही. मलेरियाचा डास संध्याकाळ ते पहाट चावतो. त्यामुळे मोम्बासात जमिनीवर रात्र काढणार का आणि नोसी बेला बोट अंधार पडेपर्यंत थांबते का, हे डॉक्टरांना सांगा. नैरोबी उंचावर आहे, तिथे धोका कमी.

गोळ्या तीन प्रकारच्या. डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज, एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवडे. भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. डेकवरच्या उन्हात त्वचाही भाजते. मुलीला ती नको, आणि आईंच्या मेथोट्रेक्सेटची पातळी वाढू शकते. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सातच दिवस घ्यावी लागते, पण दुकानात लगेच मिळेल असं धरू नका, आधी मागवून ठेवा. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा. फिट्स किंवा नैराश्याचा इतिहास असेल तर टाळतात. मुलीचा डोस वजनावर, बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या. आईंच्या गोळीचा निर्णय संधिवाततज्ज्ञांचा.

एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: जुलाब झाले म्हणून आईंना सेप्ट्रान ही अँटिबायोटिक गोळी द्यायची नाही. मेथोट्रेक्सेटबरोबर ती अस्थिमज्जा दाबू शकते. बोटीवरच्या डॉक्टरलाही हे आधी सांगा.

बोट लागून मळमळू नये म्हणून अ‍ॅव्होमिनच्या गोळ्या सगळेच नेतात, पण प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची त्याने लघवी अडू शकते. बाबांसाठी डॉक्टरांना विचारूनच औषध घ्या, आणि केबिन खालच्या डेकवर, मधोमध मागा. तिथे हेलकावे सगळ्यात कमी.

डेकवरून

दोन भर घालतो. बोटीवरच्या जुलाब-उलट्यांत नोरोव्हायरस नेहमीचाच, आणि बुफेच्या दारातलं सॅनिटायझर त्याला फारसं मारत नाही. साबण-पाण्याने वीस सेकंद हात धुवा. ओआरएसची डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याची पाकिटं न्या, एक पाकीट एक लिटर पाण्यात. अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट टाकलं तर जुलाब वाढतात. उलट्या-जुलाब जोरात असतील तर बाबांची मेटफॉर्मिन आणि बीपीची गोळी त्या दिवशी थांबवायची का, हे इथल्याच डॉक्टरांकडून लिहून न्या.

नोसी बेच्या सहलीत लेमूर (माकडासारखा प्राणी) खांद्यावर बसवून फोटो काढतात. मुलीला ते करू देऊ नका. चावला किंवा ओरखडला तर साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीची चौकशी करा.

परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला तर "डेंग्यू असेल" म्हणून दोन दिवस वाट पाहू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात केनिया आणि मादागास्कर सांगा आणि त्याच दिवशी मलेरियाचा स्मीअर (रक्ताची तपासणी) करून घ्या. गोळ्या नेमाने घेतल्या असल्या तरी.