नोकरी सांभाळून, कोणाला न कळता दारू सोडता येईल का?

प्रश्न
मी लेखापरीक्षणाच्या क्षेत्रात वरिष्ठ पदावर आहे. कामात आजवर कसूर झालेली नाही, आणि बहुधा त्यामुळेच रोज रात्रीचे पिणे वाढत गेले तरी मला कोणी हटकले नाही. आता मात्र सकाळी सही करताना हात थरथरतो. महिनाभराची रजा मागितली तर कारण विचारले जाईल आणि एकदा कुजबुज सुरू झाली की महत्त्वाची कामे दुसऱ्यांकडे जातील, ही भीती आहे. म्हणून जोडून आलेल्या चार सुट्ट्यांत घरातच एकदम बंद करावी, असा माझा बेत आहे. पत्नीला तो मान्य नाही. जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद १ (व्यसनमुक्तीचे काम करणारा डॉक्टर)
पत्नीचे म्हणणे ऐकावे. सकाळचा थरथराट हे शरीर दारूवर अवलंबून झाल्याचे लक्षण असू शकते, आणि अशा वेळी ती अचानक तोडणे धोक्याचे असते. त्रास साधारणपणे ६ ते २४ तासांत सुरू होतो, पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, ताप आणि प्रचंड अस्वस्थता येते, जी जिवावरही बेतू शकते. म्हणजे नेमके तुमच्या सुट्टीचेच दिवस. डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरत्या मात्रेत औषधे आणि सोबत थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, दिले की हा टप्पा बहुतेकांच्या बाबतीत आठवड्याभरात सुखरूप पार पडतो. पुढे ओढ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्झोनसारखी औषधे आहेत. डायसल्फिराम हे दारूपासून परावृत्त करण्यासाठीचे औषध मात्र रुग्णाला अंधारात ठेवून कधीही देऊ नये (घरची मंडळी मायेपोटी हे करतात, म्हणून मुद्दाम लिहितो); ते घेतल्यावर दारू पोटात गेली तर गंभीर त्रास होतो आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो.

प्रतिसाद २ (दारू सोडलेला वकील)
डॉक्टरसाहेबांचे म्हणणे रास्त आहे, पण आठवड्याभरात शरीर सावरते, संध्याकाळ सावरत नाही. काम संपवून लॅपटॉप मिटल्यानंतरचा तास माझ्यासाठी सर्वांत कठीण होता. आणि खटला हरल्यापेक्षा जिंकल्याच्या दिवशी ओढ अधिक असे. म्हणून तो तास आधीच कोणाला तरी देऊन टाकावा. मी तो अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या आधारगटाच्या, सभेला दिला. १९३५ मध्ये शेअर बाजारात वावरलेला एक गृहस्थ आणि एक शल्यविशारद यांच्या भेटीतून ही चळवळ उभी राहिली, तेव्हा तिथे आपल्यासारखे कोणी नसेल ही शंका मनातून काढावी. आडनाव, हुद्दा कोणी विचारत नाही.

कार्यालयात सर्वांना सांगण्याची गरज नाही, पण एका विश्वासू वरिष्ठाला ठाऊक असावे. दौऱ्यावर जाताना हॉटेलला खोलीतील दारू आधीच काढून ठेवायला सांगावे आणि मेजवानीत सोड्याचा पेला स्वतः भरून घ्यावा. काम बिनचूक होते, या पुराव्यावर विसंबू नये. पगारपत्रकावर परिणाम दिसायला सर्वांत जास्त उशीर लागतो. घरच्यांना तो केव्हाच दिसलेला असतो.

प्रतिसाद ३
हे मी पत्नीच्या बाजूने लिहिते. माझे पती शिकवण्याच्या व्यवसायात होते आणि त्यांना ताप आहे असे सकाळी फोनवर सांगण्याचे काम माझ्याकडे असे. उपचार सुरू झाले तेव्हा बाटल्या शोधण्याचे काम मी करणार नाही, हे आम्ही समुपदेशकासमोरच ठरवून घेतले. तुम्हीही पत्नीला पहारेकरी करू नका.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. सुट्टीचा बेत रद्द केला आहे. परवा डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. तोवर रात्रीचे पिणे पूर्ण थांबवावे का?

प्रतिसाद १
एकदम थांबवू नये आणि वाढवूही नये. या दोन दिवसांत गाडी चालवू नका, एकटे राहू नका. फिट आली, नसलेले काही दिसू लागले किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर परवाची वाट न पाहता थेट रुग्णालयात जावे. डॉक्टरांना रोजचे प्रमाण खरे सांगा, कारण औषधाची मात्रा त्यावरच ठरते. रजेच्या प्रमाणपत्रावर कोणता मजकूर असावा, हेही तिथेच विचारून घ्या.