स्टॅटिनचे दुष्परिणाम: दोष गोळीचा की तिच्या सोबतच्या औषधांचा?

कृष्णाकाठ (चर्चाप्रस्ताव)

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळीविषयीची आपल्याकडची चर्चा पाय दुखण्यापासून सुरू होते आणि "बंद करून बघा, बरे वाटेल" या सल्ल्यावर संपते. हा सल्ला घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या, लंडनमधील सॅमसन या प्रयोगात दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडून दिलेल्या 60 जणांना वर्षभरासाठी बारा बाटल्या देण्यात आल्या. चार बाटल्यांत स्टॅटिनपैकीच एक असलेले अ‍ॅटोरव्हास्टॅटिन होते, चारांत हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी होती आणि चार रिकाम्या होत्या. प्रत्येकाने रोज आपल्या त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे होते. गोळी नसलेल्या महिन्यांत हा त्रास सरासरी 8 भरला, औषधाच्या महिन्यांत 16.3, आणि औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत 15.4. म्हणजे त्रास खरा होता, परंतु त्याचा फार मोठा भाग गोळी घेण्याच्या क्रियेतून आणि तिच्याविषयीच्या धास्तीतून आला होता.

मग धोका नाहीच का? आहे, पण तो बहुतेक वेळा दुसरीकडे असतो. 2001 साली सेरिव्हास्टॅटिन हे स्टॅटिन बाजारातून काढून घ्यावे लागले, कारण स्नायू विरघळून मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रकार घडले आणि मृत्यूही झाले. त्यांतील अनेक रुग्ण त्याच वेळी ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) कमी करण्यासाठी जेमफायब्रोझिल घेत होते. आपण गोळीला दोष देत बसतो आणि तिच्या शेजारी कोणती औषधे आहेत हे पाहतच नाही.

रानवाट

आपला सूर मला मान्य नाही. "त्रास धास्तीतून येतो" हे वाक्य दवाखान्यात पोहोचेपर्यंत "तुमच्या मनाचे खेळ आहेत" असे होते, आणि तिथे रुग्णाचे ऐकणे थांबते. माझ्या आईला स्टॅटिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार लागू लागला. तिला वेदनेपेक्षा मांड्यांतील अशक्तपणा अधिक जाणवत होता. पहिल्या डॉक्टरांनी वयाकडे बोट दाखवले. दुसऱ्यांनी सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) तपासले, ते बरेच वाढलेले निघाले, म्हणून त्यांनी थायरॉइडची तपासणी करून घेतली आणि तिची थायरॉइड ग्रंथी मंदावलेली आढळली. थायरॉइड मंदावल्यानेही कोलेस्टेरॉल वाढते आणि अशा शरीरात स्टॅटिनने स्नायूंना इजा होण्याचा संभवही वाढतो. गोळी देण्याआधी ही साधी रक्ततपासणी झाली असती, तर कदाचित गोळीची गरजच पडली नसती.

आणखी एक गोष्ट. ज्या मोठ्या चाचण्यांच्या आधारे "दुष्परिणाम फारसे नाहीत" असे म्हटले जाते, त्यांत कोण होते हेही पाहावे. ब्रिटनमधील हार्ट प्रोटेक्शन स्टडीत सुमारे 32 हजार लोक पूर्वतयारीच्या टप्प्यात आले. त्या टप्प्यात सर्वांना काही आठवडे प्रत्यक्ष स्टॅटिन देण्यात आले आणि त्यानंतर मुख्य चाचणीत 20,536 जण उरले. गळालेल्यांची कारणे वेगवेगळी असतील, पण ज्यांना गोळी सोसली नाही ते मोजणीपूर्वीच बाहेर पडले, हे नाकारता येत नाही.

औषधपेटी

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते, त्यामुळे मला कृष्णाकाठ यांचा दुसरा मुद्दा पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. सध्या नायट्याच्या इतक्या केसेस येतात की इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल रोज विकल्या जातात. त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर त्या लिहिलेल्या असतात, हृदयाची औषधे दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतात, आणि गिऱ्हाईक एका वेळी एकच चिठ्ठी पुढे करते. सिमव्हास्टॅटिन आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन या दोन्ही स्टॅटिनचा निचरा यकृतातील ज्या विकरामार्फत (एन्झाइममार्फत) होतो, तेच विकर इट्राकोनॅझोल रोखून धरते. गोळी तीच राहते, पण रक्तातील तिचे प्रमाण कित्येक पटींनी चढते. सिमव्हास्टॅटिन इट्राकोनॅझोलसोबत देऊच नये आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन 20 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असे अमेरिकेतील औषधपत्रक सांगते. जठरातील जंतूंसाठी किंवा छातीच्या संसर्गासाठी दिले जाणारे क्लॅरिथ्रोमायसिन हेच करते. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन घराघरात आहे. तिच्यासोबत सिमव्हास्टॅटिनची मर्यादाही 20 मिलिग्रॅमच. ग्रेपफ्रूटचा रस हे विकर आतड्यातच रोखतो आणि पपनस त्याच्याच कुळातले आहे, म्हणून वरच्या दोन स्टॅटिन गोळ्या घेणाऱ्यांना मी पपनसही जपून खायला सांगते.

रोसुव्हास्टॅटिन या विकरावर फारसे अवलंबून नसते, पण तेही निर्धोक नाही. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनसोबत ते रक्त अधिक पातळ करू शकते, आणि अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचे पित्तशामक लगेच घेतले तर त्याचे शोषण घटते. दोन तासांचे अंतर ठेवावे लागते. आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तात त्याचे प्रमाण साधारण दुप्पट आढळल्यामुळे अमेरिकेत त्यांच्यासाठी 5 मिलिग्रॅमपासून सुरुवात सुचवलेली आहे. आपल्याकडे पहिल्याच चिठ्ठीवर 20 लिहिलेले मी पाहते, तेव्हा डॉक्टरांना फोन लावते.

उंबरठा

औषधपेटी यांची माहिती मोलाची आहे, परंतु ती वाचून निम्मे लोक उद्या गोळी बंद करतील, अशी मला भीती वाटते. 1994 सालच्या स्कँडिनेव्हियातील चाचणीत हृदयविकार असलेल्या 4,444 जणांपैकी औषध नसलेल्या गटात 256 आणि सिमव्हास्टॅटिनच्या गटात 182 मृत्यू झाले. ज्याच्या हृदयात स्टेंट आहे, त्याने परस्पर गोळी सोडणे म्हणजे जिवावर उदार होणे आहे.

मात्र ज्याला हृदयविकार झालेला नाही, त्याचा हिशेब वेगळा असू शकतो आणि तो त्याच्यासमोर मांडला पाहिजे. 2010 सालच्या एका एकत्रित विश्लेषणानुसार 255 जणांनी चार वर्षे स्टॅटिन घेतल्यास त्यांतील एकाला अधिकचा मधुमेह होतो. ही जोखीम लहान आहे, पण साखर आधीच काठावर असलेल्या माणसाला ती सांगायला हवी, आणि आपल्याकडे ती सांगितली जात नाही.

कृष्णाकाठ

रानवाट, तुमच्या आईंना झालेले नुकसान खरे आहे आणि सॅमसनने ते खोटे ठरवलेले नाही. वाढलेला सीपीके धास्तीने तयार होत नाही. पण हे प्रकार विरळ आहेत. 2022 साली 19 चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले; त्यात स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी 27.1 टक्के आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी 26.6 टक्के लोकांनी स्नायूंच्या तक्रारी सांगितल्या. जी काही वाढ होती ती मुख्यतः पहिल्या वर्षातली. दुखणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करावी, हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. दुखले की गोळी सोडावी, हे नाही.

रानवाट

गोळी सोडा असे मी कुठेही लिहिलेले नाही. सुरू करण्यापूर्वी थायरॉइड, यकृत आणि मूत्रपिंड तपासा, आणि अशक्तपणा किंवा लघवीचा रंग चहासारखा झाल्याचे रुग्णाने सांगितले तर त्याच दिवशी सीपीके करा, एवढेच माझे मागणे आहे. सरासरीचे आकडे त्या दिवशी कामाचे नसतात.

औषधपेटी

यात एक भर घालते, कारण ही गोष्ट चिठ्ठीवर सहसा लिहिलेली नसते. इट्राकोनॅझोलचा कोर्स संपला की त्याचा परिणाम लगेच संपत नाही, म्हणून बंद केलेली सिमव्हास्टॅटिन शेवटच्या कॅप्सूलनंतर दोन आठवडे पुन्हा सुरू करायची नसते. आणि थांबवली असेल तर ती पुन्हा सुरू करण्याची तारीख डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्यावी.