क्लब हाऊसचं कपाट आणि ते राक्षसांचं पुस्तक

देसाई वहिनी (बी-302): नमस्कार सगळ्यांना 🙏 क्लब हाऊसच्या कपाटात ते काळ्या कव्हरचं जाड इंग्लिश पुस्तक कोणी ठेवलंय ते आधी सांगा. आमचा बाबू सहावीत आहे, गेल्या आठवड्यापासून रात्री दिवा मालवू देत नाही, काल पावसात लाईट गेली तर किंचाळत येऊन माझ्या अंगावर पडला, आणि खाली स्टिल्ट पार्किंगमध्ये सायकल ठेवायला एकटा जायला तयार नाही. काल गादी उचलली तर खाली हे पुस्तक. मधलंच पान उघडलं तर तळघरात टेबलावर प्रेत आणि डॉक्टर चिरफाड करतोय, आणि शेजारी एक लहान मुलगा वही घेऊन उभा. हे मुलांचं पुस्तक??

गावडे (ए-101): मी मीटिंगलाच सांगितलं होतं. कपाटाला कुलूप लावा, चावी सेक्रेटरीकडे द्या.

रोहन (ए-302): काकी स्टिल्टमध्ये तर मीपण एकटा जात नाही, दोन ट्यूब गणपतीपासून बंद आहेत 😄

शिरोडकर (सेक्रेटरी): ट्यूबचा विषय वेगळा आहे, कृपया मिसळू नये. इलेक्ट्रिशियनला फोन केलाय.

रोहन (ए-302): कोणत्या गणपतीला केला होता ते सांगा सेक्रेटरीसाहेब

सायली (डी-103): वहिनी, पुस्तक माझं आहे. मी दिलं तेव्हा ते सर्वात वरच्या खणात होतं, मागच्या कव्हरवर चौदा वर्षांपुढच्यांसाठी असं छापलंय म्हणून मुद्दाम वर ठेवलं होतं. पेस्ट कंट्रोलच्या वेळी कपाट रिकामं केलं आणि परत लावताना सगळं उलटसुलट झालं, आता खालच्या खणात चांदोबाच्या जुन्या अंकांशेजारी ते बसलंय. बाबू घाबरला ह्याचं मला मनापासून वाईट वाटतंय, उद्या कॉलेजातून आल्यावर येते त्याला भेटायला.

गावडे (ए-101): पेस्ट कंट्रोल मी बघितलं होतं म्हणून माझ्यावर ढकलू नका. पुस्तकं लावणं माझं काम नव्हतं. म्हणूनच म्हणतो, कपाटाला कुलूप लावा.

सायली (डी-103): काका मी तुमचं नाव घेतलेलं नाही.

गावडे (ए-101): घेतलं नाही पण सगळ्यांना समजलं.

कामत (बी-104): असली पुस्तकं फेकून द्या. आपल्याकडे श्यामची आई आहे, साने गुरुजी आहेत, मुलांना हे राक्षस कशाला? ह्या परदेशी लोकांना प्रेतं आणि रक्त ह्यापलीकडे सुचत नाही.

कुलकर्णी (सी-304): असं कसं म्हणता कामतसाहेब? आपल्याकडे नारायण धारपांच्या भयकथांतले समर्थ कोण होते? अघोरी शक्तींनी पछाडलेल्या माणसांच्या मदतीला जाणारे. आम्ही शाळेत असताना लायब्ररीत त्यांच्या पुस्तकांसाठी नंबर लावायचो, पांघरुणात टॉर्च घेऊन वाचायचो आणि पहाटेपर्यंत बाथरूमला जायची हिंमत नसायची. भीती वाचणं मराठी माणसाला नवीन नाही.

कामत (बी-104): तुम्ही पुण्याचे, तुमचं सगळंच बरोबर.

कुलकर्णी (सी-304): ह्यात पुणं कुठून आलं? फोंड्यात राहून मला वीस वर्षं व्हायला आली.

शिरोडकर (सेक्रेटरी): सर्वांना विनंती, वैयक्तिक बोलू नये 🙏

देसाई वहिनी (बी-302): मला वाद नकोय. मला एवढंच समजून घ्यायचंय की ह्यात आहे काय आणि कोणी वाचावं. सायली, तू वाचलंयस ना पूर्ण?

सायली (डी-103): चारही भाग वाचलेत वहिनी, आणि पहिला तर पुन्हा पुन्हा. लांब लिहिते, सांभाळून घ्या. रिक यान्सी म्हणून अमेरिकन लेखक आहे, मालिकेचं नाव मॉन्स्ट्रमॉलॉजिस्ट, पहिला भाग 2009 चा आणि चौथा 2013 चा. पहिल्याला 2010 साली अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेचा प्रिंट्झ ऑनर मिळाला, म्हणजे किशोरवयीनांच्या साहित्यात त्याची दखल घेतली गेलीय, कुठलं तरी स्टेशनवरचं भुताटकीचं पुस्तक नाही ते. गोष्ट 1888 सालची, अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधल्या एका गावातली. विल हेन्री हा बारा वर्षांचा मुलगा, आईबाप घराला लागलेल्या आगीत गेले, आणि ज्या डॉक्टरकडे बाप काम करायचा त्याच डॉक्टर वॉर्थ्रॉपकडे तो राहतो. हा डॉक्टर राक्षसी प्राण्यांचा अभ्यास करतो, त्यांना भूतखेत मानत नाही, आपण नाग किंवा मगर अभ्यासावी तसं. एका रात्री थडगी उकरणारा म्हातारा एक गाठोडं घेऊन दारात येतो आणि तिथून सगळं सुरू होतं. नायक बारा वर्षांचा आहे म्हणून पुस्तक बारा वर्षांच्यांसाठी असं मात्र अजिबात नाही, बहुतेक बाबूनेही वय बघूनच उचललं असणार.

रोहन (ए-302): सायलीताई तो राक्षस दिसतो कसा ते पण सांग

सायली (डी-103): डोकं नाही. डोळे खांद्यांवर, तोंड पोटात, दातांच्या रांगा. अँथ्रोपोफॅगस म्हणतात, म्हणजे माणसं खाणारा. लेखकाने मनाने नाही काढलेला, शेक्सपिअरच्या ऑथेल्लोमध्येही खांद्याखाली डोकं असलेल्या माणसांचा उल्लेख आहे.

गावडे (ए-101): पोटात तोंड. आणि हे सहावीतल्या मुलाच्या हातात. कुलूप.

प्रभू सर (सी-201): गावडे, पोटात तोंड असलेला राक्षस तुमच्या देवघरातही आहे. अरण्यकांड काढा. कबंध. वाल्मीकींनी लिहिलंय, डोकं नाही मान नाही, पोटात तोंड, छातीवर एकच डोळा, आणि हात योजनभर लांब. त्या हातांनी त्याने राम आणि लक्ष्मणाला धरलं, मग दोघांनी एकेक हात तोडला. आणि पुढचं फार कमी लोक सांगतात. हा आधी फार देखणा होता, पण अक्राळविक्राळ रूप घेऊन अरण्यातल्या ऋषींना घाबरवायची त्याला खोड लागली, शेवटी एका ऋषीने शाप दिला की हेच रूप तुला राहो. नंतर इंद्राच्या वज्राने डोकं धडात गेलं. राम-लक्ष्मणाने त्याचं दहन केल्यावर तो मूळ रूपात आला आणि सुग्रीवाकडे जा हे त्यानेच सांगितलं. म्हणजे ह्या राक्षसाशिवाय रामाला सुग्रीव भेटत नाही. मी मुलांना हे वर्गात सांगायचो, एकही मूल बिघडलं नाही.

नाईक आजी (ए-203): सर किती बरं सांगितलंत. आम्ही कीर्तनात ऐकलेलं, आता कीर्तनाला येतो कोण.

कामत (बी-104): सर रामायणाची तुलना ह्या पुस्तकाशी? माफ करा पण पटलं नाही.

प्रभू सर (सी-201): तुलना नाही हो. मुलांना राक्षस पूर्वीपासून सांगत आलो एवढंच म्हणणं. फरक इतकाच की तेव्हा सांगणारं माणूस शेजारी बसलेलं असायचं.

देसाई वहिनी (बी-302): हे मात्र खरं सर. तो एकटाच वाचत होता, आम्हाला पत्ताही नाही.

नाईक आजी (ए-203): अगो बाय, आमच्या पेडण्याला तर रात्री वाटेवर देवचार असायचा. घोंगडी, हातात काठी. पण भ्यायचं नसतं त्याला, तो गावाची राखण करतो, वाट चुकलेल्याला घरी आणून पोचवतो. आमच्या काकाला मळ्यातून अंधारात त्यानेच आणलं असं घरी सगळे सांगायचे. वर्षाला त्याला रोंट म्हणजे जाड रोटी ठेवायचे, विडी ठेवायचे. बाबूला माझ्याकडे पाठव, मी सांगते.

रोहन (ए-302): आजी स्टिल्टमध्ये एक देवचार बसवूया, ट्यूबपेक्षा स्वस्त पडेल 😄

नाईक आजी (ए-203): रोहन, देवचाराची थट्टा करू नये. तुझ्या आजोबांनी ऐकलं असतं तर कान धरला असता.

रोहन (ए-302): हा मेसेज डिलीट केला गेला

रोहन (ए-302): सॉरी आजी

गावडे (ए-101): मूळ मुद्दा बाजूला राहिला. कपाटाला कुलूप लावा, चावी सेक्रेटरीकडे.

शिरोडकर (सेक्रेटरी): गावडेसाहेब, मी दिवसभर पणजीला असतो ऑफिसला. चावी माझ्याकडे म्हणजे कपाट बंदच समजा. गेल्या वेळी कॅरमचं तेच झालं.

सायली (डी-103): कॅरमला बुरशी लागेपर्यंत कोणी बघितलं नाही. आपल्या सोसायटीत सोळा मुलं आहेत आणि हे एक कपाट, तेही तीन बायकांनी घरोघर फिरून भरलंय. पुस्तक हवं तर पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत जा असं मुलांना सांगायचं, आणि पणजीला न्यायला कोणाला वेळ नाही. कुलूप लावलंत तर मी माझी सगळी पुस्तकं घरी नेईन, रागाने नाही सांगत, पण पुस्तकं कोंडून ठेवायला मी दिलेली नाहीत.

गावडे (ए-101): धमकी देताय का?

सायली (डी-103): नाही काका. माझं म्हणणं सांगतेय.

कुलकर्णी (सी-304): सायली, पण खरंच विचारतो, इतकं रक्त कशाला लागतं गोष्टीला? धारप नुसत्या चाहुलीवर घाबरवायचे.

सायली (डी-103): रक्त खूप आहे, ते नाकारत नाही, मलाही काही पानं उलटावी लागली. पण काका ते उगीच नाही. पहिल्या भागात हे राक्षस त्या गावात आपणहून आलेले नाहीत, आफ्रिकेतून जहाजाने मागवलेत, आणि मागवणारा डॉक्टरचा स्वतःचा बाप. मग त्यांना मारायला केर्न्स नावाचा एक शिकारी बोलावतात, हसतमुख, गोड बोलणारा, आणि तो राक्षसांना बाहेर काढायला एका जिवंत बाईला आमिष म्हणून बांधतो. डॉक्टर संतापतो, पण शिकार थांबत नाही. ते वाचताना मला त्या पोटातल्या तोंडापेक्षा केर्न्सची जास्त भीती वाटली. एकाला वाचवायला दुसऱ्याचा जीव द्यायचा का, कोणाचा द्यायचा, कोण ठरवणार, ह्यावर पंधरा सोळा वर्षांच्या मुलांशी तासभर बोलता येतं. माझ्या कॉलेजातली मुलं बोलतात. अकरा वर्षांच्या मुलापर्यंत मात्र फक्त बांधलेली बाई पोचते, आणि ती त्याच्यापर्यंत पोचू नये हेच वहिनी म्हणतायत, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

देसाई वहिनी (बी-302): थँक्स सायली. मला वाटलं तू पुस्तकाचीच बाजू घेशील.

सायली (डी-103): पुस्तकाची घेतेच वहिनी. तिसऱ्या भागानंतर प्रकाशक चौथा काढायला तयार नव्हते, 2011 साली वाचकांनी इतकं लिहिलं, इतकी मागणी केली की त्यांना निर्णय बदलावा लागला. पुस्तकावर जीव असल्याशिवाय लोक असं करत नाहीत.

प्रभू सर (सी-201): तिसऱ्या भागात काय आहे?

सायली (डी-103): सर तुम्हाला आवडेल. ते लोक येमेनजवळच्या सोकोत्रा बेटावर जातात.

प्रभू सर (सी-201): सोकोत्रा! अहो ते तर आपल्या इतिहासातलं बेट. 1507 मध्ये पोर्तुगिजांनी तिथला किल्ला घेतला, त्रिस्तांव द कुन्य आणि आल्फोन्स द आल्बुकेर्क होते, हाच आल्बुकेर्क 1510 मध्ये गोव्यावर आला. आणि 1511 मध्ये सोकोत्रा सोडूनही दिलं, पाणी नाही, उत्पन्न नाही. पुढे 1542 मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याला येताना तिथे थांबले होते. हा भाग मला वाचायला द्या, चष्मा बदललाय आता बारीक टाइप चालेल.

कामत (बी-104): सरांनापण लागलं वेड 😄

गावडे (ए-101): कपाटाला कुलूप लावा. मी शेवटचं सांगतो.

रोहन (ए-302): काका हे शेवटचं चौथ्यांदा झालं

गावडे (ए-101): तू आधी मेंटेनन्स भर मग बोल.

रोहन (ए-302): पप्पांनी भरलाय काका, पावती आहे. पाण्याच्या टाकीचं काय झालं ते पण सांगा मग

शिरोडकर (सेक्रेटरी): पाण्याचा विषय रविवारच्या मीटिंगला 🙏 कपाटाबद्दल असं करूया, वरचा खण चौदा वर्षांपुढे, लाल पट्टी चिकटवायची, खालचे दोन लहान मुलांचे. वही ठेवायची, पुस्तक नेताना फ्लॅट नंबर आणि मोठ्या माणसाची सही. कुलूप नाही. ट्यूब उद्या संध्याकाळपर्यंत लागतील, इलेक्ट्रिशियनने शब्द दिलाय.

गावडे (ए-101): सही कोणीही करतं. माझा विरोध नोंदवून घ्या.

शिरोडकर (सेक्रेटरी): नोंदवला.

देसाई (बी-302): मी देसाई, बाबूचे पप्पा. ग्रुपवर फारसा येत नाही पण लिहितो. काल रात्री पुस्तक मीच घेऊन बसलो, म्हटलं मुलगा कशाला घाबरतो ते बघू, आणि दीड वाजेपर्यंत वाचत राहिलो. सकाळी बाबूला विचारलं की तुला नेमकं काय वाटतं, तो राक्षस येईल असं? तर नाही म्हणाला, ते मला माहीत आहे खोटं आहे. त्याचं अडलंय ते असं की तो डॉक्टर स्वतः जेवायचं विसरतो आणि त्या मुलालाही जेवायला विचारत नाही, मध्यरात्री हाक मारून कामाला लावतो, आणि मुलगा तरी पळून जात नाही, त्याला जायला दुसरं घरच नाही. मला विचारतो, तुम्ही दोघं नसलात तर मी कोणाकडे राहणार? ह्या महिन्यात आम्ही दोघं एकाच गाडीने कारवारला गेलो होतो, घाटात झाड पडलं म्हणून रात्री उशीर झाला, फोन लागत नव्हता. ते ह्या पोराने मनात धरून ठेवलं होतं. पुस्तक नसतं तर बोललाही नसता बहुतेक.

नाईक आजी (ए-203): देवा सायबा. अरे त्या रात्री तो माझ्याकडेच जेवला, एक शब्द बोलला नाही रे.

देसाई वहिनी (बी-302): मला हे आत्ता वाचून कळतंय. ह्यांनी मला सांगितलं नाही, ग्रुपवर लिहिलं.

देसाई (बी-302): ऑफिसला निघताना सांगणार होतो, तू फोनवर होतीस.

कुलकर्णी (सी-304): वहिनी भाऊंना रागवू नका, चांगलं लिहिलंय त्यांनी.

कामत (बी-104): बाबूला आमच्याकडेपण येऊ दे कधीही. आमच्याकडे रात्री दहापर्यंत दार उघडंच असतं.

सायली (डी-103): भाऊ, तो विल त्या डॉक्टरकडे का राहतो हाच चारही भागांचा गाभा आहे. डॉक्टर त्याला म्हणत असतो की तुझ्यावाचून माझं चालत नाही, आणि मुलाला तेवढं पुरतं. हे अकरा वर्षांच्या मुलाने बरोबर हेरलं, आमची मोठी मुलं ह्याच्यापाशी फार उशिरा येतात.

देसाई वहिनी (बी-302): पुस्तक सध्या आमच्याकडे राहू दे, ह्यांचं वाचून व्हायचंय. वहीत आमचा नंबर मी लिहिते, सही माझी. बाबूने स्वतःच सांगितलं की पुढे वाचायचं नाही, पण त्या मुलाचं शेवटी काय होतं ते सारखं विचारतोय. सायली, उद्या आलीस की तूच सांग त्याला, रक्तबिक्त वगळून. जेवायलाच ये, बांगड्याचं हुमण आहे.

सायली (डी-103): येते वहिनी. पण पहिल्या भागापर्यंतच सांगेन. चौथ्यात विल फार कठोर होतो, ते त्याने मोठं झाल्यावर स्वतः वाचावं.