मदत हवी आहे: फायटर बुडाला, चूक डीएमची (खेळ चालवणाऱ्याची, म्हणजे माझी), आता काय करू?

नमस्कार मंडळी. मालवणात आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री आमच्या पडवीत डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ) खेळतो. पाचवी आवृत्ती, २०१४ ची. छापील पुस्तक एकच, तेही माझं. बाकीच्यांच्या फोनवर ती फुकटातली एसआरडी, म्हणजे नियमांची छोटी प्रत. डीएम मी, आणि माझं हे पहिलंच कॅम्पेन (बरेच शनिवार चालणारी एकच गोष्ट). शिव्या घालायच्या तर खुशाल घाला, पण सोबत उपायही सांगा.

फायटर, म्हणजे लढवय्या, खेळतो तो माझा शाळेपासूनचा मित्र, ट्रॉलरवर जातो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून तो सध्या घरी. रोग (चोरटं पात्र, आजार नव्हे) म्हणजे माझा मावसभाऊ. प्राण्याचं रूप घेणारी ड्रुइड आमची वहिनी. विझर्ड, म्हणजे जादूगार, घाटावरून बदली होऊन आलेला एक बँकवाला. त्याला पोहता येत नाही, पण पुस्तकाचं पान नंबरासकट पाठ.

किल्ला मी सरळ सिंधुदुर्गावरून उचलला. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरीही तशाच ठेवल्या, फक्त साखरबावेच्या तळातून बाहेर समुद्रात उघडणारं एक भुयार काढलं. पार्टीने तिथूनच आत शिरायचं ठरवलं. मग त्या रात्री तिथी कोणती, ओहोटी किती वाजता लागेल, भुयाराचं तोंड उघडं पडेल की नाही यावर अर्धा तास गेला. फासे कोणी हातात घेतलेच नव्हते.

शेवटी शिरले. भुयारात लाटेने फायटर मागे फेकला गेला आणि पाय अडकला. श्वास किती वेळ धरता येतो याचा नियम मला आठवेना. वीज गेलेली, बॅटरीच्या उजेडात पान सापडेना, सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. मी लहानपणापासून धक्क्यावरून उड्या मारल्यात, अंगावर कपडे असले की अर्ध्या मिनिटात छाती कशी भरून येते ते ठाऊक आहे. आणि ह्याच्या अंगावर चेन मेल! म्हटलं, दर राउंडला (सहा सेकंदांची फेरी) कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (अंगातल्या दमावर फासा टाकून वाचायचं), डीसी १५ (किमान पंधरा यायला हवेत), तीन चुकले की जीव शून्यावर. पाच राउंडांत तीन चुकले. मग डेथ सेव्हही (मरणाच्या दारातले शेवटचे फासे) तिन्ही गेले. बाकीचे पोचेपर्यंत गडी संपला. लेव्हल ३ चा, अडीच महिने जपलेला.

पुढच्या शनिवारी रोग पाण्याखाली जाळ्यात सापडला. मी सेव्ह मागणार इतक्यात बँकवाल्याने पान उघडून समोर ठेवलं. १ अधिक कॉन मॉडिफायर (कॉन्स्टिट्यूशनच्या आकड्यावरून मिळणारी भर), इतकी मिनिटं श्वास धरता येतो. मावसभावाचा मॉडिफायर +१, म्हणजे २ मिनिटं, म्हणजे २० राउंड. तो आरामात सुटला. तेव्हा डोक्यात हिशोब पेटला. फायटरचा कॉन १६, मॉडिफायर +३. त्याला ४ मिनिटं मिळायला हवी होती, ४० राउंड. मी त्याला ३० सेकंदांत बुडवला होता. शिवाय चिलखत घालून पोहता येत नाही असा नियम पुस्तकात नाहीच.

मित्र त्या वेळी काही बोलला नाही. निघताना चपला घालता घालता म्हणाला, "माझो गडी बुडालो तेवा पुस्तक खंय होता? भावाक बरा गावला." कालच्या शनिवारी आला नाही.

यात आणखी एक भर. वहिनी सहसा काही मागत नाही. तिने विचारलं, सुरमई होऊ का? मी हो म्हटलं. नियमाप्रमाणे चौथ्या लेव्हलपर्यंत ड्रुइडला पोहणारा प्राणी होता येत नाही, हेही बँकवाल्यानेच दाखवलं. म्हणजे एकाला माझा अंदाज, दुसऱ्याला पुस्तक आणि तिसरीला माया.

आता विचारायचं ते हे, की झालेला मृत्यू मागे घ्यावा का? आणि ऐन खेळात नियम आठवला नाही तर काय करता? पान शोधत बसलं की रंग जातो, मनाने ठरवलं तर हे असं होतं. १ ऑगस्टला मित्र परत समुद्रावर जाईल, त्याआधी हे निस्तरायचंय.

---

ओटीवरची चेटकीण (रत्नागिरी):

आधी आकडे बघ. लेव्हल ३ चा फायटर, कॉन सेव्हला +५ असणार. डीसी १५ म्हणजे दर वेळी वाचायची शक्यता ५५ टक्के. एका रोलला ठीक. पण थांबायची सोय नसलेल्या रोलांमध्ये तीन चुका सरासरी सहा-सात राउंडांत होणारच. तू त्याला बुडवायचंच ठरवलं होतंस, काम फाशांकडून करून घेतलंस. मीही हे केलंय, कड्यावरून पाडून.

आमच्याकडे आता असं चालतं. नियम एका मिनिटात सापडला नाही तर मी ठरवते, आणि शंका असली तर खेळाडूच्या बाजूने. जीव जाणार असेल तर मात्र मिनिट-बिनिट काही नाही, पान मिळेपर्यंत चहा. ठरवलेलं वहीत लिहायचं, खेळ संपल्यावर पुस्तक बघायचं आणि पुढच्या शनिवारपासून जे ठरेल ते सगळ्यांना लागू. रोल मागण्याआधी चुकलं तर काय होणार तेही मोठ्याने सांगायचं. "तीन चुकले तर मरशील" हे ऐकलं असतं तर तुझा मित्र तिथेच म्हणाला असता, थांब जरा, पान बघ.

सुरमई राहू दे. वहीत लिही, तुमच्या टेबलावर ड्रुइडला तिसऱ्या लेव्हलपासून मासा होता येतं. उद्या दुसरं कोणी ड्रुइड घेतलं तर त्यालाही.

---

रंगपटातला (कुडाळ):

आमचे आजोबा दशावतारात संकासुर करायचे. लिहिलेली संहिता नाही, संवाद उभ्या उभ्या सुचतील ते, तरी रात्रभर नाटक चालतं. कारण आख्यान कुठलं, कोण कुणाला मारणार, कोण कधी आत जाणार हे तोंडाला रंग लावता लावता ठरलेलं असतं. तुम्ही लोक ज्याला सेशन झिरो (खेळाआधीची ठरवाठरवी) म्हणता तो हाच रंगपट, आणि तुम्ही तो केलेला दिसत नाही. कॅरॅक्टर मेलं तर चालेल का, एवढा एक प्रश्न पहिल्या दिवशी विचारला होतास का?

आता उशिरा का होईना, देवासमोर घालतात तसं गाऱ्हाणं घाल. एकेक नियम म्हण आणि सगळ्यांकडून "व्हय म्हाराजा" घे. मी थट्टा करत नाही. तोंडाने म्हटलेलं माणूस विसरत नाही.

---

पान नंबर १८३:

तो बँकवाला मीच. धागा वाचून हसू आलं, थोडा रागही आला. सगळ्यांना वाटतं मी नियमांवरून अडवतो. अरे, तुम्ही चौघे पाण्यात वाढलात. भुयारात लाट कशी येईल, पाय कुठे अडकेल, हे तुम्हाला न सांगता कळतं. डीएमच्या अंदाजावर खेळ चालला की तुमचे अंदाज जुळतात, मी मात्र अंधारात. माझ्या विझर्डने पाण्यात उडी मारावी की नाही हे मला फक्त त्या पानावरूनच कळू शकतं. म्हणून मी पान उघडतो.

बाकी त्या रात्री मलाही पान वेळेवर सापडलं नाही, याचं वाईट वाटतं. आणि तो आला नाही तर मीही येणार नाही.

---

मूळ धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार. बँकवाले साहेब, तुमचं म्हणणं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. शनिवारी बोलूच.

आज संध्याकाळी मित्राकडे गेलो होतो. खळ्यात बसून जाळं दुरुस्त करत होता. मी चूक कबूल केली, चाळीस राउंडांचा हिशोबही सांगितला. तो बराच वेळ सुई चालवत राहिला. मग म्हणाला, पाच राउंडांचं त्याला काही नाही, पाण्यात माणूस त्याहून लवकर जातो, त्याने बघितलंय. राग भावाला मिळालेल्या पुस्तकाचा होता. मी म्हटलं, गडी परत आणतो, लाटेने किनाऱ्याला लागला असं करू. तर नको म्हणाला. "मेलो तो मेलो. त्याका गिऱ्हो कर, साखरबावेतलो. बुडान मेलेलो माणूस दुसरा काय होतलो?"

गिऱ्हो म्हणजे बुडून मेलेल्याचं पाण्यातलं भूत. मला हे सुचलंच नव्हतं. वहिनी तर ऐकून खूश झाली, पण म्हणाली, रात्री नंतर एकटी घरी जाणार नाही, कोणीतरी सोडा.

तर आता नवीन मदत हवी आहे. लेव्हल ३ च्या पार्टीसमोर विहिरीतला गिऱ्हा उभा करायचाय, आणि तो चालवणार मित्र स्वतः, मी नाही. एचपी (जीव किती ते गुण) किती द्यावे? पाण्याबाहेर त्याची ताकद कमी करावी का? त्याला श्वास लागत नाही एवढं मात्र वहीत आधीच लिहून झालंय.