माउंटन बाइकसाठी साठ हजार जास्त होतात का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. रोज सकाळी वेताळ टेकडीवर सायकल चालवतो, महिन्यातून एकदा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जातो. सध्याची सायकल १८ हजारांची. तिचा स्प्रिंगचा सस्पेन्शन फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के शोषणारा भाग) जड आहे, दगडांवर हात बधिर होतात. पावसाळ्यात केबलवाले डिस्क ब्रेक चिखलाने घासतात, उतारावर खरंच भीती वाटते.

आता हवेवर चालणारा फोर्क, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक, पुढे एकच दातेरी चक्र आणि मागे मोठी कॅसेट (गिअरच्या चक्रांचा संच) असलेली सायकल बघतोय. किंमत ६० हजार! एवढ्यात जुनी चांगली स्कूटर येते, असं घरचे म्हणतात, आणि तेही खोटं नाही.

ज्यांनी असा बदल केलाय त्यांनी कृपया सांगा: फरक खरंच जाणवतो का? की जुन्याच सायकलला हायड्रॉलिक ब्रेक आणि रुंद टायर बसवून भागेल? फोर्कच्या सर्व्हिसिंगला वर्षाला किती खर्च येतो?