ड्युरँड कपची फायनल: नागपूरहून कोलकात्याला जायचंय, सल्ला द्या

बर्डीचा_बॅक:
मंडळी, यंदा ड्युरँड कप या फुटबॉल स्पर्धेची फायनल कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर बसूनच बघायची, असं चौघांनी ठरवलंय. चौघंही कोलकात्याच्या मोहन बागान क्लबवाले. बजेट स्लीपर किंवा थ्री एसी.
प्रश्न असे: फायनलला कोण पोचणार ते सेमीनंतरच कळतं, मग रेल्वेचं तिकीट काढायचं कधी? स्टेडियममध्ये कुठं बसावं? बॅनर नेता येतो का? आणि शनिवारी सामना झाला तर सोमवारी ऑफिसला पोचता येईल का?
'टीव्हीवरच बघा' हा सल्ला कृपया देऊ नका.

कामठी_एक्सप्रेस:
तिकीट तारखेवर काढा भाऊ, टीमवर नाही. फायनलची तारीख वेळापत्रकात आधीच येते, टीम मात्र अगदी शेवटी ठरते. २०२३ ला दुसरी सेमी ३१ ऑगस्टला आणि फायनल ३ सप्टेंबरला. २०२५ ला दुसरी सेमी बुधवारी २० ऑगस्टला, फायनल शनिवारी २३ ला. म्हणजे मधे जेमतेम तीन दिवस.

आता यातली गोम. "सेमी जिंकली की तत्काळ काढू" असं सगळेच म्हणतात. पण तत्काळचा दिवस गाडी जिथून सुटते तिथून मोजतात, नागपूरपासून नाही. मुंबई-हावडा मेल आणि पुण्याची आझाद हिंद आदल्या संध्याकाळी-रात्री सुटतात आणि सकाळी नागपूरला येतात. शुक्रवारी सकाळी नागपूरला मेलमध्ये बसायचं असेल, तर ती गाडी मुंबईहून गुरुवारी निघालेली असते, म्हणून तिचं तत्काळ बुधवारी उघडतं. एसीचं १० वाजता, स्लीपरचं ११ वाजता. २०२५ चंच गणित लावून बघा: बुधवारी सकाळी तत्काळ उघडलं आणि दुसरी सेमी त्याच दिवशी संध्याकाळी. निकाल लागेस्तोवर तत्काळ संपलेलं. वरून कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत नाहीत. आणि जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं, तेव्हा ते काम आजच उरकून टाका.

गीतांजली मुंबईहून सकाळी सुटते आणि त्याच दिवशी संध्याकाळी नागपूरला येते, त्यामुळं तिचं तत्काळ गुरुवारी उघडतं. पण ती हावड्याला पोचते सामन्याच्या दिवशी दुपारी. उशीर झाला तर मुश्कील.

साधं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेही सुटणाऱ्या स्टेशनाच्या तारखेनं. मेल-आझाद हिंदसाठी नागपूरची तारीख धरून ६१ दिवस मोजा. एका दिवसाच्या या फरकात लोक वेटिंगवर जातात. चौघांचं एकाच पीएनआरवर काढा. टीम हरली तर दुसऱ्या सेमीच्या रात्रीच रद्द करून टाका, जितकं थांबाल तितकी कापणी वाढते.

बर्डीचा_बॅक:
हे ६१ दिवसांचं माहीतच नव्हतं. मग जायला कोणती घ्यावी, मेल का गीतांजली?

कामठी_एक्सप्रेस:
मेल किंवा आझाद हिंद. नागपूर ते हावडा साधारण ११३० किलोमीटर, १८-१९ तास धरा. या दोन्ही सकाळी नागपूर सोडतात आणि सामन्याच्या दिवशी पहाटे हावड्याला लावतात. बिलासपूरच्या पुढं झारसुगुडा-चक्रधरपूर पट्ट्यात मालगाड्यांची गर्दी असते, तिथं गाडी रखडू शकते. तीन तास उशीर झाला तरी सकाळीच पोचता. गीतांजलीला तेच तीन तास म्हणजे दुपारचे चार, आणि अंगावर बॅग.

बुक करताना शेवटचं स्टेशन बघा. मुंबईच्या काही गाड्या हावड्याला न जाता शालिमारला जातात. हावड्यासारखी मेट्रो तिथं दाराशी नाही, टॅक्सी करत बसाल.

ऑरेंज_सिटी_१०:
विमान थेट आहे. कोलकाता विमानतळ ते स्टेडियम १०-१२ किलोमीटरच. पण चौघांचं भाडं सेमीनंतर बघाल तर डोळे पांढरे होतील. आधी काढलं आणि टीम हरली, तर साध्या तिकिटातून हाती फारसं काही लागत नाही. रेल्वेच बरी.

धंतोलीचा_घोटी:
स्टँडचं सांगतो.

सॉल्ट लेकचं अधिकृत नाव विवेकानंद युवाभारती क्रीडांगण. तीन मजली गोल वाटी, आणि मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक. हा ट्रॅक विसरू नका. त्याच्यामुळं सगळ्यात खालच्या रांगा गोलपासून लांब आणि शिवाय बुटक्या. खाली बसलात की पलीकडच्या अर्ध्यात कोण कुठं धावतंय ते कळतच नाही, सगळे खेळाडू एका रेषेत दिसतात. मधला मजला, मध्यरेषेपासून पेनल्टी बॉक्सपर्यंत कुठंही, ही सगळ्यात चांगली जागा. चाहत्यांचा गलका गोलमागं जास्त. चार तास उभं राहून ओरडायचं असेल तर तिकडं जा, पण ऑफसाइड वगैरे विसरा.

सगळ्यात महत्त्वाचं: समोर बागानचा कोलकात्यातलाच कट्टर प्रतिस्पर्धी ईस्ट बेंगॉल आला तर कुठल्या क्लबच्या प्रेक्षकांना कुठला भाग ते आधी जाहीर होतं. स्वस्तात मिळालं म्हणून भलत्या ब्लॉकचं काढू नका. मरून-हिरवी जर्सी घालून लाल-पिवळ्यांत बसलात तर पोलीसच उठवतील. २०२३ ची फायनल नेमकी हीच होती. बागाननं १-० नं घेतली आणि ड्युरँड १७ झाले, ईस्ट बेंगॉलचे १६. हा एकाचा फरक तिकडं चहाच्या टपरीपासून मासळी बाजारापर्यंत मोजतात. बागान जिंकलं की कोळंबी, ईस्ट बेंगॉल जिंकलं की हिल्सा, त्यामुळं सामन्यानंतर जेवायला बसाल तर ऑर्डर जपून द्या.

तिकिटं सहसा ऑनलाइन सुटतात आणि काही खिडकीवर. ऑनलाइनवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा: मोबाइलवरचा कोड चालतो, की काउंटरवर कागदी तिकीट बदलून घ्यायचं. बदलायचं असेल तर पहाटेच्या गाडीचा आणखी एक फायदा झाला. ज्याच्या नावानं बुकिंग, त्यानं मूळ ओळखपत्र घेऊन स्वतः जायचं. गेटबाहेर हातात तिकिटं घेऊन उभ्या असलेल्यांकडून काही घेऊ नका. एकाच कोडच्या चार प्रती विकल्या जातात, पहिला आत जातो, बाकीचे तीन गेटवर भांडतात.

बर्डीचा_बॅक:
आणि बॅनर? 'नागपूर' लिहिलेला पाहिजेच.

महाल_पेंटर:
काठी, पाइप, बांबू काहीही आत जात नाही. म्हणून नुसतं कापड, आणि धातू शून्य.

गांधीबागेतून ४४ इंची पॉपलिन घ्या, चार मीटर. साटीन चमकतं, पण फ्लडलाइटमध्ये अक्षरं दिसत नाहीत आणि रंग वर तरंगतो. एका पन्ह्यातच करा, मधे जोड नको. ओल्या हवेत जोडापाशीच झोळ पडतो.

देवनागरीत सगळे इथं चुकतात: इंग्रजी अक्षरासारखं कापडाच्या पूर्ण उंचीचं अक्षर काढतात, मग 'पू'चा उकार शिवणीत जातो. ४४ इंचांतले वर-खाली चार-चार इंच दुमडीला आणि मोकळ्या जागेला सोडा. उरले ३६. त्यात वरच्या मात्रा-वेलांटीला ८, मूळ अक्षराला २०, खालच्या उकाराला ८. शिरोरेषा निदान तीन इंच जाड, नाहीतर लांबून ती दिसतच नाही आणि अक्षरं सुटी-सुटी वाटतात. २० इंची अक्षर समोरच्या स्टँडमधून आरामात वाचता येतं. चार मीटरमध्ये आठ-नऊ अक्षरं मावतात. 'नागपूर' आणि पुढं एक छोटा शब्द, बस. घोषवाक्य लिहू नका, कॅमेरा तेवढा वेळ थांबत नाही.

रंग फॅब्रिकचा. ऑइलपेंट नको: घडीत चिकटतो, वास येतो आणि पेट घेतो, तपासणीत अडवला तर चूक त्यांची नाही. भिंतीचा डिस्टेंपर वाळला की घडीवर तडकतो. फॅब्रिक कलर पाणी घालून पातळ केला की कडेनं फुटतो, म्हणून आधी खडूनं बाह्यरेषा, मग जाड ब्रशनं कोरडाच भरा. खाली प्लास्टिक अंथरा, वर्तमानपत्र चिकटून बसतं. ऑगस्टात नागपुरातही वाळायला दोन दिवस धरा. नंतर उलट बाजूनं इस्त्री, म्हणजे पावसात रंग सुटत नाही.

बांधायला पितळी रिंगा ठोकू नका. त्याच कापडाच्या नाड्या शिवून घ्या, दर दीड फुटावर एक, वर आणि खाली दोन्हीकडे. खालच्या नाड्या नसल्या की वाऱ्यानं कापड उलटं होऊन रेलिंगवर पडतं. न्यायचा गुंडाळून, घडी घालून नाही.

धंतोलीचा_घोटी:
भर: जाहिरातीच्या पाट्या झाकल्या की बॅनर उतरवतात. आणि राजकीय वाटेल असा एकही शब्द नको. मोठा बॅनर असेल तर क्लबच्या चाहता गटाला आधी कळवा, रेलिंगवरच्या जागा त्यांनी आधीच वाटून घेतलेल्या असतात.

मानेवाड्याचा_गोली:
सामन्याच्या दिवसाचं मी सांगतो.

हावड्याला उतरलात की बॅग क्लोकरूमला टाका. कुलूप नसलेली बॅग तिथं घेत नाहीत, आणि रेल्वे तिकीट व ओळखपत्र लागतं. स्टेडियमवर सामान ठेवायची सोय धरूच नका.

हावडा ते स्टेडियम आता एकच मेट्रो. ग्रीन लाइन २२ ऑगस्ट २०२५ पासून हावडा मैदान ते सेक्टर फाइव्ह सलग झाली. हुगळीखालून जाते. हावडा, महाकरण, एस्प्लनेड, सियालदह, फूलबागान, आणि मग 'सॉल्ट लेक स्टेडियम'. जुन्या पोस्टमध्ये "सियालदहपर्यंत बस, मग मेट्रो" लिहिलेलं सापडेल, ते सोडून द्या. जातानाच स्मार्ट कार्ड घेऊन परतीचे पैसे त्यात टाकून ठेवा. सामना सुटल्यावर तिकिटाच्या खिडकीसमोर जी रांग लागते ती बघूनच घाम फुटतो. शेवटची गाडी किती वाजता तेही तेव्हाच विचारा.

गेटवर सामन्याच्या दोन तास आधी पोचा. गेल्या काही फायनल दुपारी ४ ते साडेपाचच्या दरम्यान सुरू झाल्या. स्पर्धा लष्कर भरवतं, त्यामुळं आधी बँड-कवायत असते, तीही बघण्यासारखी. आत जात नाही: पाण्याची बाटली, पॉवर बँक, लायटर, छत्री, हेल्मेट, फटाके, काही वेळा नाणीसुद्धा. खिशात फोन, तिकीट, ओळखपत्र, नोटा, एवढंच. खर्रा नागपूरलाच सोडा. तंबाखू गेटवर काढून घेतात आणि तिकडं तसा मिळतही नाही.

फोन घरून निघताना नाही, स्टेडियमबाहेर १०० टक्के पाहिजे, तेव्हा पॉवर बँक दिवसा वापरून बॅगेत टाका. आत पन्नास-साठ हजार माणसं बसली की नेटवर्क जातं. तिकिटाचं पान मेट्रोतच उघडून ठेवा. चौघांची चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवा. 'मेट्रोपाशी' असं मोघम नको, अमुक नंबरचं प्रवेशद्वार.

ऑगस्टातला कोलकाता म्हणजे नागपूरचा उकाडा अधिक घाम. छप्पर आहे, पण पुढच्या रांगांत पावसाची झड येते. पातळ प्लास्टिकचा रेनकोट घडी करून मागच्या खिशात. पॉलिएस्टर जर्सीखाली सुती बनियन घाला, नाहीतर हाफटाइमपर्यंत जर्सी अंगाला चिकटते.

बर्डीचा_बॅक:
आणि परतीचं? रात्रीची आझाद हिंद पकडता येईल का?

मानेवाड्याचा_गोली:
९० मिनिटं, हाफटाइम, वाया गेलेला वेळ. बरोबरी झाली तर ड्युरँडला गेल्या वर्षांत एक्स्ट्रा टाइम न होता थेट पेनल्टी लागल्यात. २०२४ ला बागान आणि नॉर्थईस्ट युनायटेड २-२, मग पेनल्टीवर नॉर्थईस्ट ४-३. त्यानंतर बक्षीस समारंभ, आणि इथं एक नाही, तीन करंडक देतात: ड्युरँड कप, सिमला ट्रॉफी आणि राष्ट्रपतींचा करंडक. साडेपाचचा सामना असेल तर आठ-साडेआठ सहज. मग मेट्रोची गर्दी, मग क्लोकरूम. धावतपळत गाडी मिळेलही, पण करंडक उचललेला बघायचा राहील. त्यासाठी जात नसाल तर पकडा.

कामठी_एक्सप्रेस:
परतीला दुसऱ्या दिवशीची गीतांजली. दुपारी हावड्याहून निघते, तिसऱ्या दिवशी सकाळी नागपूर. शनिवारी सामना असेल तर सोमवारी सकाळी घरी, आंघोळ करून ऑफिस. रविवारी फायनल ठेवली, जशी २०२३ ला होती, तर मंगळवार उजाडतो. सुट्टीचा अर्ज त्याप्रमाणं टाका.

रात्रीपुरतं लॉज सियालदहजवळ बघा, स्टेडियमपासून मेट्रोची दोनच स्टेशनं. रद्द करता येईल असंच घ्या. २०२४ च्या ऑगस्टात पोलीस बंदोबस्त मिळेना म्हणून १८ तारखेची डर्बीच, म्हणजे बागान-ईस्ट बेंगॉल सामनाच, रद्द झाली आणि दोन्ही टीमना एकेक गुण देऊन मोकळे झाले. असं काही झालं तर निदान लॉजचे पैसे वाचतील.

बर्डीचा_बॅक:
ठीक. ६१ दिवस मोजून मेल, परतीला गीतांजली, मधला मजला. चार मीटर पॉपलिन उद्याच आणून ठेवतो. फक्त एक सांगा, टीम सेमीत हरली तर बॅनरचं काय करायचं?

महाल_पेंटर:
म्हणून तर 'नागपूर' लिहा म्हटलं, 'चॅम्पियन' नाही. कडुनिंबाचा पाला घालून गुंडाळून ठेवा, पुढच्या वर्षी चालतो. फक्त तारीख रंगवू नका.